बाळाचा वाटा

"दीड महिन्याचं झालं ना? मग लशीसाठी मांडी मोकळी करा," म्हणत सत्यशीला सिस्टरांनी मान वर केली. समोर भिवराबाई नातीला घेऊन बसल्या होत्या. सोबत सून नव्हती.

"रोहिणी कुठाय?" त्यांनी विचारलं.

शिरूर कासारजवळच्या या उपकेंद्रात सिस्टरांची बावीस वर्षं गेली होती. गरोदर बायकांना धीर यावा म्हणून त्यांनी एक वाक्य घोटून ठेवलं होतं. बाळाचं रक्त लई जोरकस, आईच्या रक्तातून प्राणवायू आपल्याकडं ओढून घेतं. त्यात खोटं काही नव्हतं. दिवाळीनंतर रोहिणीच्या रक्तातलं हिमोग्लोबिन सातच भरलं, अकरा तरी हवं होतं, पण ऊसतोडीची गाडी दुसऱ्या दिवशी सुटायची होती. पोरगी बाळाच्या काळजीनं रडकुंडीला आली, तेव्हा सिस्टरांनी लोहाच्या गोळ्या हातात दिल्या आणि तेच वाक्य ऐकवलं. ती हसत गेली.

भिवराबाईंनी थोडक्यात सांगितलं. रोहिणी उसाच्या फडातच बाळंत झाली. पोर लगेच रडलं, पण आईचं रक्त थांबेना. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

"सिस्टर, एक इचारू का? मला चक्कर यायची, मोळी उचलंना. तिनं तिच्या गोळ्या मला दिल्या. म्हणली, बाळ घेतंय की वडून, सिस्टरनं सांगितलंय. तुमी खावा. मी खाल्ल्या." म्हातारी थांबली. "माज्यामुळं गेली का वं ती?"

नुसतं न्हाई म्हणून सुटता आलं असतं. पण सिस्टरांचं मन धजेना.

"तुमच्यामुळं न्हाई. बाळ ओढून घेतं, तेवढंच मी सांगितलं. आईला काय उरतं, ते सांगायचं राहिलं. चूक माझी हाय, भिवराबाई."

भिवराबाईंनी पदराची गाठ सोडून गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. चार गोळ्या उरल्या होत्या. मग त्यांनी नातीची मांडी पुढं केली.

सुई निघाली तसा रक्ताचा थेंब आला. पोटात असतानाचं बाळाचं रक्त जन्मानंतर सहा महिन्यांत बदलून मोठ्या माणसासारखं होतं, हे सिस्टर शिकल्या होत्या. या पोरीच्या अंगात अजून बरंचसं तेच होतं, रोहिणीकडून प्राणवायू ओढून घेत राहिलेलं.

त्यांनी कापूस दाबून धरला. रक्त थांबलं, पोर रडायची थांबली, बाहेरच्या बायका हाक येण्याची वाट बघत होत्या. सिस्टरांना बोट उचलवेना.