एक हंडा, एक पुडी

त्या काळी वस्तीत नळ नव्हता. एकच विहीर होती, आणि तिचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही हा सुईणमावशीचा कायदा होता. वस्तीतली निम्मी माणसं जगात आली ती तिच्याच हातांत. तराजू तिने कधी बाळगला नाही. बाळ तळहातांवर घ्यायची आणि सांगायची, "अडीच किलोला जरा कमी. अंगावर पाजा, वरचं काही नको." मग दवाखान्याचा काटाही मुकाट्याने तेच सांगे. तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

पाण्याच्या कंपनीचा साहेब आला, तेव्हा त्याने ना दुकान मांडलं ना भोंगा लावला. बाह्या दुमडून तो दारोदार बसला, कान तुटलेल्या कपातून चहा प्याला, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "पोर आजारी पडलं तर आधी कुणाला विचारता?" मांडीवरच्या कागदावर त्याने सगळी घरं काढली होती. उत्तर मिळालं की त्या घरापासून एक रेघ ओढायचा. सगळ्या रेघा एकाच दारात येऊन थांबल्या. मावशीने तो कागद पाहिला तेव्हा तिला कोळ्याचं जाळं आठवलं. मधोमध आपलंच घर पाहून तिला थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोला.

"ही पाणी शुद्ध करायची पुडी. हंड्यात टाकायची, अर्धा तास थांबायचं," साहेब म्हणाला. "उकळायची भानगडच नको."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही मावशी. तुम्ही प्या. लोक बघतील."

ती काही लगेच भुलली नाही. तीन आठवडे ते पाणी एकटीच प्याली. पोट ठणठणीत राहिलं. शिवाय सून धुराने खोकून बेजार व्हायची, सरपणासाठी बायांची अर्धी सकाळ जायची. मग एक दिवस विहिरीवर तिने सांगून टाकलं, "एक हंडा, एक पुडी. घ्या बिनधास्त."

झालं. कंपनीने तिच्या दारावर लाकडी फळी ठोकली. वर मावशीचा रंगवलेला चेहरा, खाली तिचंच वाक्य. घरोघरच्या दारांवर तोच चेहरा आणि तेच वाक्य कागदावर छापून चिकटलं. वर्षभरात पाण्याच्या चुली थंडावल्या, पाणी उकळायचे मोठे टोप माळ्यावर गेले, सरपणाच्या जागी कोंबड्या आल्या.

पुड्या आता वाणी विकायचा. मावशीकडे मात्र सुरुवातीला मिळालेलं खोकंच पुरत होतं. सुनेचे दिवस भरत आले, तेव्हा ते संपलं आणि साहेब स्वतः नवं घेऊन आला. तोच रंग, तोच चेहरा. मावशीने एक पुडी उचलली आणि तिचा हात तिथेच थबकला.

"ही हलकी आहे."

साहेब हसला. "मानलं बुवा तुमच्या हाताला! मावशी, भाव वाढवला असता तर लोकांनी सोडली असती. म्हणून पुडी लहान केली. आता हंड्याला दोन. मागे छापलंय की."

"मागचं वाचतं कोण इथे? माझं तोंड बघून घेतात लोक."

"म्हणून तर तुम्ही," साहेब अगदी मायेने म्हणाला.

"कधीपासून चाललंय हे?"

"दोन महिने झाले असतील."

दोन महिने. परटिणीची धाकटी, गवंड्याची जुळी, सगळी हगवणीने पडली होती. मावशीच म्हणाली होती, ऊन बाधलं असेल.

साहेबाची पाठ वळताच ती निघाली. पहिलं दार परटिणीचं.

"अगं, हंड्याला दोन टाका. पुडी कमी भरलीय. नाहीतर सरळ उकळा."

परटीण कमरेवर हात ठेवून हसली. "एकीच्या दोन? धंदा शिकलीस हो मावशी!"

"तुझ्या पोरीचं पोट बघ की जरा!"

"ऊन बाधलंय, तूच म्हणालीस. आणि एक पुडीसुद्धा तूच म्हणालीस. हे बघ, दारावर लिहिलंय."

गवंड्याची बायको आतूनच ओरडली, "सून बाळंत होणार, मावशीला खर्च आहेत बाई! घ्या दोन-दोन!" गल्लीत हशा पिकला. आजवर त्या गल्लीत मावशीला कुणी हसलं नव्हतं. ती आणखी चार दारांत गेली. चारही दारांत तिचा स्वतःचा चेहरा तिच्याकडे बघून हसत होता, आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवत होते.

घरी आली तर सून चौकट धरून उभी. "आई, कळा सुरू झाल्या."

मावशीने तिला आत निजवलं. टोप माळ्यावरून काढला, हंडाभर पाणी ओतलं, चुलीपाशी वाकली आणि तशीच थांबली. भाकरीपुरतं आणलेलं सरपण सकाळीच संपलं होतं, घरात काडी नव्हती.

तिने कुऱ्हाड घेतली, बाहेर गेली आणि दारावरची फळी उपटली.

"आई, हे काय करताय?"

"तू कळ दे पोरी. इकडे बघू नकोस."

फळी वर्षभराच्या उन्हाने वाळली होती, पटकन पेटली. चेहरा कपाळापासून काळा पडत गेला. पाणी खदखदू लागलं. उघड्या दारातून समोरची परटीण दिसत होती. उकिडवी बसून तिने दातांनी एक पुडी फोडली, हंड्यात झटकली, चिमटीने कोपरे साफ केले आणि पोरीचा पेला पुढे ओढला.