लोविनाच्या गालावरची खळी

गावोगाव हिंडून माणसांची चित्रं काढणाऱ्या जोनास पेटिंगिलचे दर दोन. सावली-उजेड देऊन चित्र हवं तर दहा डॉलर, सपाट हवं तर अडीच. नवरा शेतावर गेलेला बघून मेहिटेबल क्रॉस्बीनं आपल्या तीन वर्षांच्या लोविनाच्या चित्राचा सौदा परस्पर सपाटाचा केला.

"सावली आमच्या अंगणात फुकट पडते, पेंटरबुवा."

"अंगणातली फुकटच, वहिनी. कापडावरची मला पाडावी लागते."

वर दोन दिवसांचं जेवण तिनं त्याच्या मजुरीतून कापून घेतलं. न्यू हॅम्पशायरच्या त्या खेड्यात महिनाभर तिच्या हुशारीची वाहवा झाली.

चित्रात लाल बूट झकास आले, मांजर आलं, कॉलरच्या लेसची वीण न् वीण आली. तोंड मात्र पुठ्ठ्यातून कापल्यासारखं, त्यानंच काढलेल्या शेजारच्या पोरांच्या चित्रांतल्यासारखंच. नुसते ओठ मिटले तरी लोविनाच्या गालाला खळी पडायची, ती नव्हती. खळी म्हणजे सावलीच की. अडीच डॉलरात ती कुठून येणार?

नोव्हेंबरात लोविना तापानं गेली.

वसंतात पेटिंगिलची गाडी पुन्हा दिसली तशी मेहिटेबल रस्त्यावर धावली. "खळी तेवढी घाला हो. सगळे दहा घ्या."

"पैशाचं राहू द्या," तो म्हणाला. स्वयंपाकघरात बसून त्यानं बशीत तपकिरी रंग कालवला, ब्रश उचलला. "कुठल्या गालावर?"

"डाव्या."

"अगं, उजव्या," दारातून तिचा नवरा असाहेल म्हणाला.

"तुमच्या उजव्या का तिच्या?" पेटिंगिलनं विचारलं.

"तिच्या. रोज समोर बसवून लापशी भरवायचो मी."

मेहिटेबलनं डोळे मिटले. तिला आठवली ती मागे बसून घातलेली वेणी, मानेवरचा तीळ. गाल काही येईना.

"तुम्ही सांगा, बुवा. दोन दिवस तिच्याकडेच बघत होतात ना?"

"मला बूट आठवतात, वहिनी," पेटिंगिल ओशाळला. "गाल मी सगळ्यांचे सारखेच काढतो."

बारा वर्षांच्या संसारात असाहेल बायकोपुढे कुंपणाचा खुंट कुठे ठोकायचा एवढ्यावरूनसुद्धा हटला नव्हता. तो जवळ आला. "डावाच असेल गं. तू आई, तुला माहीत."

त्याचा तो मऊ आवाज ऐकला आणि मेहिटेबलला कळलं, खळी उजव्याच गालाला होती; आईलाच ती आठवेना म्हणून तो माघार घेत होता. तिनं पेटिंगिलचा हात धरला.

"नको. आहे तसंच राहू द्या."

रंग बशीतच वाळला.