सर्कलवरचा फोटो

मित्रांनो, राहात्याहून साखर कारखान्याकडे जाताना चार रस्ते एकत्र येतात, तिथले गोल सर्कल म्हणजे मी. श्रीमंत गवंड्याने मला बांधले. कठडा त्याने गुडघ्याइतकाच ठेवला. "पल्याडची गाडी दिसली पायजे," तो म्हणाला. मला उजव्या हाताला ठेवून वळसा घालायचा, म्हणजे वेग आपोआप कमी होतो. माणसे जगतात. एवढेच माझे काम.

पुढे लोकांनी माझ्यावर फ्लेक्स लावले. वाढदिवस, निवड, पुन्हा वाढदिवस. पलीकडचा रस्ता दिसेनासा झाला.

जानेवारीत भर दुपारी भागवत ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या ऊस घेऊन आला. दोन ट्रॉल्या माझ्याभोवती वळवणे अवघड, म्हणून तो उलट्या बाजूने शिरला. समोरून कल्याण आणि त्याची बायको कडूबाई बाजारात पेरू विकून मोटारसायकलवर येत होते. ते बरोबर बाजूने आले. फ्लेक्सआडून कोणालाच कोणी दिसले नाही.

कल्याण बाजूला फेकला गेला. कडूबाईचे डोके माझ्या कठड्यावर फुटले आणि ट्रॉलीचे चाक तिच्यावरून गेले. लोकांनी भागवतला खाली ओढले. त्याच्याच उसाने त्याला मारले, जबडा मोडेपर्यंत. कल्याण रांगत म्हणत होता, "त्याला सोडा, आदी हिला उचला."

मोडलेले फ्लेक्स लोकांनी नेले. मी मोकळे झाले.

दहाव्याला कल्याण हात गळ्यात बांधून आला. माझ्यावर बारा फुटांचा नवा फ्लेक्स होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये कडूबाईचा हसरा फोटो. त्याचा मित्र काकासाहेब याने मायेने लावलेला.

कल्याणने चांगल्या हाताने कमरेचा विळा काढला.

"आरं, वहिनी हाय ती," काकासाहेबने मनगट धरले. "लोक म्हनतील, बायकोचं तोंड फाडलं."

"म्हनू दे. तिच्यामागून काय येतंय, दिसतंय का तुला?"

काकासाहेबने त्याच्या थोबाडीत मारली. कल्याणने त्याला माझ्या मातीत पाडले आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत फोटो चिरला.

फटीतून दुधाचा टेम्पो दिसला. उलट्या बाजूने येणारा. काकासाहेब तसाच उठून धावला, हात आडवा करून त्याने तो थांबवला. मग परत आला आणि फ्लेक्सचा बांबू उपटू लागला.

मित्रांनो, तुमच्या गावच्या सर्कलवर कोणाचाही फोटो लावू नका. जवळच्या माणसाचा तर नकोच. माझ्यावरून पलीकडे पाहा. तिकडून कोणीतरी घरी चाललेले असते.