खोबरेल घातलेला पंखा

"बाबा, ह्या पंख्यात काय घातलंत?"

निकेतने कॉम्प्युटरचा पंखा खोलून खिडकीच्या उजेडाला धरला होता. मधल्या कण्याभोवती पांढरट, घट्ट असं काहीतरी बसलं होतं. भिकाजी मिस्त्रींनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, बोटाने ते थोडं उकरलं आणि वास घेतला. वास घ्यायची खरं तर गरज नव्हती.

"खोबरेल," ते म्हणाले. "शिवणीच्या मशीनीक घालतत, सायकलीक घालतत. ह्येका घातलंय तर काय बिघाडला?"

"थंडीत खोबरेल थिजता, बाबा!"

"चाळीस वर्सां इंजिनां खोललेलो मिस्त्री," चुलीपासून यमुनाबाई म्हणाल्या, "आणि खोबरेल थिजता ह्यां हेंका झीलान पुण्याहून येवन सांगूक होया."

भिकाजींनी बायकोकडे दुर्लक्ष केलं. संसारात हे त्यांना छान जमायचं.

कॉम्प्युटर निकेतचा. पुण्यात तिघांच्यात एक खोली, तिथे ठेवायची सोय नाही, म्हणून वर्षापूर्वी त्याने तो मिठबावला आणून माजघराच्या कोपऱ्यात बसवला होता. गावातल्या बागायतदारांची आंब्याची वेबसाइट त्याच्यावर चालायची. मुंबई-पुण्याची माणसं घरबसल्या पेट्या सांगायची, आणि ते सगळं टेलिफोनच्या तारेतून येऊन या डब्यात पडायचं. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. पुढचा दिवा होता, तोही कधीच गेला होता. निकेत त्याला सर्व्हर म्हणायचा. यमुनाबाई गिरण म्हणायच्या, कारण तो दिवसरात्र घरघरायचा. "गिरणीत दळाण तरी गावता," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

भिकाजींना मात्र ती घरघर कधी जाचली नाही. बायको एवढी वैतागते म्हणून डिसेंबरात त्यांनी झाकण काढलं आणि पंख्यात दोन थेंब खोबरेल सोडलं. गिरण गप्प झाली. यमुनाबाईंनी त्या दिवशी न मागता चहा दिला.

मग जानेवारी आला. एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही, इन्व्हर्टरनेही मान टाकली. सकाळी वीज आली तसा कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला, पण थिजलेल्या तेलात पंखा फिरेना. आतला भोंगा किर्र वाजायला लागला. त्याच्यापासून दोन हातांवर भिकाजी सुपाऱ्या सोलत बसले होते. यमुनाबाई विहिरीवरून धावत आल्या, बटण बंद केलं, आणि नवऱ्याकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. भोंगा अंगणापलीकडे ऐकू आला होता.

"डोळो लागलेलो," भिकाजी म्हणाले.

हातात अर्धी सोललेली सुपारी आणि म्हणे डोळा लागला होता. वेबसाइट दोन दिवस बंद राहिली आणि बागायतदारांच्या शिव्या पुण्यापर्यंत पोचल्या, तेव्हा निकेत नवीन सामान घेऊन आला.

गोष्ट अशी होती की भिकाजी मिस्त्रींचे कान गेले होते. उजवा जवळजवळ बंद झालेला, डावाही बारीक आवाज धरेना. इंजिनाची धडधड ऐकू यायची, माणसाचं बोलणं ऐकू यायचं, पण चिमणी, सायकलची घंटी, भोंगा, हे सगळं त्यांच्या जगातून कधी उठून गेलं ते त्यांनाही कळलं नव्हतं. आणि या कानांवरच त्यांचं नाव होतं. देवगडपासून आचऱ्यापर्यंतचे ट्रॉलरवाले इंजिन खोलायच्या आधी त्यांना बोलवायचे. ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि सांगायचे, तीन नंबरचा वाल्व सैल आहे. खोलल्यावर तीन नंबरचाच निघायचा.

गेल्या महिन्यात लवूच्या ट्रॉलरवर त्यांनी तशीच मूठ लावली होती. इंजिन चालू आहे एवढं हाडाला कळलं, त्यापलीकडे काही नाही. सगळे तोंडाकडे बघत होते. भिकाजी म्हणाले, "बरां आसा, जावा." सहा माणसं समुद्रात गेली. चार दिवसांनी धडधाकट परत आली, पापलेटही आणलं. लवूने त्यातली एक जोडी घरी पोचवली. भिकाजींनी कालवणाला हात लावला नाही, पोट बरं नाही म्हणून सांगितलं. आपण भ्यालो होतो, हे त्यांना कुणापाशी बोलता येत नव्हतं. आणि आज दुपारी लवू पुन्हा बोलवायला येणार होता.

निकेतने पिशवीतून एकेक वस्तू काढली. मोठा, सावकाश फिरणारा पंखा, नवा पॉवर सप्लाय, मेमरीची पट्टी. "ह्येच्यान जोर पण वाढतलो आणि आवाज पण जातलो," तो म्हणाला. सगळं बसवून त्याने बटण दाबलं आणि तोंड वाकडं केलं. "पंखो गप झालो. पण अजून घुमता खंयतरी."

भिकाजींना काही घुमताना ऐकू आलं नाही. त्यांनी डब्याच्या अंगावर तळवा ठेवला. इंजिनघरात जन्म गेलेला तळवा. त्याला सगळं कळत होतं. पत्रा थरथरत होता. त्यांनी आत बोट घालून हार्ड डिस्क दाबली, तशी थरथर थांबली.

"ही तुझी तबकडी पत्र्याक बडयता," ते म्हणाले. "इंजिन कधी लाकडार उघडां बसयतत? खाली रबर होया."

सायकलची जुनी ट्यूब पडवीत लटकत होती. त्यांनी तिचे आठ तुकडे कापले, चार हार्ड डिस्कच्या स्क्रूंखाली, चार डब्याच्या पायांखाली. निकेत बघत राहिला. "पुण्यात ह्येचे तयार वायसर इकत गावतत, बाबा."

"गावांदेत. सायकल आपलीच आसा."

झाकण लागलं, बटण दाबलं. तिघेही थांबले.

"झालो चालू?" यमुनाबाईंनी विचारलं.

निकेतने डब्याला कान लावला. "माका तर काय आयकाक येना नाय." यमुनाबाईंनीही पदर सावरून कान लावला आणि मान हलवली. "पडदो जोडून बघूक होयो," म्हणत निकेत उठायला लागला.

तोवर भिकाजींनी हत्यारांच्या पेटीतून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला होता. टोक पत्र्याला टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले. बायको आणि मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, अगदी ट्रॉलरवरच्या माणसांसारखे.

"चालता," ते म्हणाले. "पंखो फिरता. तबकडी पण फिरता."

या वेळी ते खरं होतं. किती दिवसांनी त्यांनी खरं सांगितलं होतं! त्यांना बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यानेच लवूला पुन्हा खोटं सांगणं नको झालं.

त्याच वेळी लवू अंगणात आला. "भिकाजीकाकानू, चला. इंजिन वायच खडखडता. तुमी कान लावलात काय पोरां निर्धास्त जातत."

भिकाजी ओट्यावर आले. स्क्रू-ड्रायव्हर हातातच होता.

"लवू, माझे कान गेले."

"काय सांगतास?"

"गेले म्हणान सांगतंय. इंजिन फिरता काय नाय, एवढा हाडाक कळता. खडखड कसली तां कळना नाय. गेल्या म्हयन्यात मी तुका अंदाजान सांगलेलंय. तुमी सगळे सुखरूप इलात, ती देवाची कृपा. आज दर्यात जाव नको. देवगडच्या मिस्त्रीक बोलय, इंजिन खोल, मगे जा."

रागावण्याचा लवूला हक्क होता, आणि चेहऱ्यावर राग आलाही. मग तो खाली बघत म्हणाला, "खोलताना तुमी उभे रवतलात मां? तो मिस्त्री नवीन आसा."

"रवतंय," भिकाजी म्हणाले.

लवू गेला. निकेत दारात आला होता. तो काहीतरी बोलणार होता, आईने त्याला डोळ्यांनी आत पाठवलं. यमुनाबाई चहाचे दोन कप घेऊन ओट्यावर आल्या, उजवीकडची मोकळी जागा ओलांडून, खांबाजवळच्या अडचणीत भिकाजींच्या डाव्या हाताला बसल्या.

"च्या थंड होता," त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण सुटं सुटं.

भिकाजींनी कप घेतला. कधीपासून ही डावीकडेच बसत होती? जेवताना, देवळात, एसटीत. त्यांनी आठवून बघितलं. सुपाऱ्यांच्या त्या सकाळच्या कितीतरी आधीपासून.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि खांबाजवळ तिला ऐसपैस बसता यावं म्हणून थोडे उजवीकडे सरकले.