‘भरडा’चं शेवटचं साल

धम्मप्रियाने छापील मजकुरातलं शेवटचं साल पेनाने खोडलं आणि कागद सुदर्शनकडे सरकवला.

“एवढं काढा. बाकी बरोबर आहे.”

सुदर्शन पुण्याच्या एका संग्रहालयातून लातूरला आला होता. तिच्या वडिलांच्या, पंढरींच्या, कॅसेट पुन्हा निघणार होत्या आणि सोबत त्यांच्या कंपनीचा इतिहास छापायचा होता. कंपनी म्हणजे हीच खोली. लग्नाकार्यांना भाड्याने लाउडस्पीकर देता देता पंढरींनी ‘भरडा’ या नावाने कॅसेट काढल्या होत्या. डाळमिलच्या पट्ट्याची घरघर, विष्णुपुरी धरणाच्या दरवाज्यातून सुटलेलं पाणी, एसटी स्टँडच्या पत्र्यावरची गारपीट. गाणं एकही नाही. गिऱ्हाईक ‘खराब निघाली’ म्हणून कॅसेट परत आणून देत. पंढरी ती ठेवून घेत आणि पुढची भरायला बसत.

“ताई, इतिहासाला शेवट लागतो,” सुदर्शन म्हणाला. “काका गेले. ‘१९९३ ते २०२५’ एवढंच तर लिहिलंय.”

“ते गेले. भरडा कुठे गेला?”

“शेवटची कॅसेट निघूनही बरीच वर्षं झाली. साल रिकामं ठेवलं तर लोक विचारतील, आता कोण चालवतं?”

“मी.”

तो हसला नाही, याचं तिला बरं वाटलं.

“काही भरलंय का तुम्ही?” त्याने हळूच विचारलं.

तिने काहीच भरलं नव्हतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यापासून ती रोज खोली उघडायची, अँप्लिफायरवरची धूळ पुसायची आणि कुलूप लावून कॉलेजात शिकवायला निघून जायची.

“ती काय भरनार?” चहा घेऊन आलेल्या पार्वतीबाई दारातूनच म्हणाल्या. “त्यांनी भरलेलं कुनी ऐकंना. लई घरघर ऐकली बाबा या घरात. कान गेले माझे.”

“आई, बस इथं. माइकपुढं.”

“मी? येडी का काय तू! जन्मभर हेच म्हनून राहिले ते, एकदा बोल, एकदा बोल. न्हाई बसले मी. समोरचा मानूस सोडून माइकशी काय बोलायचं?”

“आता समोर माणूस नाही.”

पार्वतीबाईंनी कप टेबलावर टेकवले. पदराला हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. मग खुर्ची ओढून बसल्या. धम्मप्रियाने अँप्लिफायर आणि कॅसेट भरायची मशीन सुरू केली.

“चालू हाय?”

“हाव.”

त्या माइककडे बघत राहिल्या. नवऱ्याला हाक मारायची तर ‘आवो’, चारचौघांत ‘धम्मीचे पप्पा’. कुणी त्यांचं नाव विचारलंच, तर त्या शेजारणीला पुढे करत आल्या होत्या.

“पंढरी,” त्या म्हणाल्या.

आवाज भिंतीवर आदळून परत आला. त्या दचकल्या. मग पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने, भांडायला उभं राहिल्यासारखं. कर्णा चिरकला. आवाज कमी करायला सुदर्शनचा हात बटणाकडे गेला.

“ऱ्हाऊ द्या तसंच,” त्याच्याकडे न बघता पार्वतीबाई म्हणाल्या. “मला आजून लई बोलायचंय.”