मांडीवरची नळी

हिसानो उराबेच्या मनात काटा रुतला तो दवाखान्याच्या भूमिपूजनाच्या दिवशी. जपानमधल्या निइगाता शहराबाहेरची जागा. चार कोपऱ्यांत हिरवे बांबू, मधे वाळूचा ढीग आणि ढिगावर खोचलेलं गवत. पुजाऱ्याची प्रार्थना संपली, की इमारतीचा आराखडा करणाऱ्याने ते गवत विळ्याने कापायचं, असा रिवाज. विळा दिला गेला मियोको सेराच्या हाती. "एई, एई, एई!" करत मियोकोने तीनदा विळा फिरवला, आणि जमलेल्या सगळ्यांनी माना तुकवल्या.

हिसानो मागच्या रांगेत उभी होती. त्या जमिनीच्या पोटातली वाळू कशी दाबायची, किती खोलवर ठोकायची, हे सगळं तिने ठरवलेलं. मियोकोला कामाला लावून घेतलं तेही तिनेच, शिकवलंही तिनेच. पण मियोको इमारती रबराच्या जाड गाद्यांवर ठेवायची. भूकंप आला, की खाली जमीन हिसके देते आणि वर इमारत संथ डुलते. कपातला चहासुद्धा सांडत नाही. लोकांना ते दिसतं. पुरलेल्या कामाचा फोटो कोण काढणार?

रोज सकाळी हिसानो घरातल्या देवाच्या फळीवरचं पाणी बदलायची, तांदूळ आणि मीठ ठेवायची, दोनदा टाळी वाजवून हात जोडायची. त्या दिवसापासून हात जोडले की एकच मागणं मनात यायचं: एकदा तरी विळा माझ्या हातात येऊ दे. लाज वाटायची, तरी यायचं.

मग वृद्धाश्रमाचं काम आलं. जागा जुन्या नदीपात्रातली, सगळी वाळूच. मियोकोचा गाद्यांचा आराखडा तयार होता. अडलं होतं ते वाळूपाशी. भूकंपात खालची वाळू पाण्यासारखी पातळ होणार असेल, तर वर कितीही चांगल्या गाद्या घाला, उपयोग नाही.

तपासणीसाठी तिथल्या जमिनीत भोक पाडून नळीत भरलेली वाळू हिसानोने प्रयोगशाळेपर्यंत मांडीवर घेऊन जायची होती, नळी उभी धरून, तान्हं मूल सांभाळावं तशी. नळीला धक्का बसला, की कणांना कण लागून बसलेली वाळू विस्कटते आणि आहे त्यापेक्षा कमजोर भासते. गाडीत हिसानोच्या शेजारी वर्तमानपत्र पडलेलं. त्यात मियोकोचा फोटो, हसरा, रबराच्या गादीवर हात ठेवलेला. हिसानोने नळी गुडघ्यांत धरली आणि दोन्ही हातांनी पान उघडलं. नेमकी तेव्हाच एक म्हातारी सायकल घेऊन आडवी आली. म्हातारे चालक गोंदासान यांनी करकचून ब्रेक दाबला.

खाली धप्प झालं.

"ताई, पडली की काय?"

"नाही हो. पाय आपटला माझा."

"लोखंडाचा दिसतोय पाय," गोंदासान हसले.

ती हसली नाही. नळी उचलून तिने मांडीवर घेतली आणि वर्तमानपत्राची घडी करून ठेवली.

निकाल आला: वाळू कमजोर. दोन्हींना पैसा पुरणार नव्हता, म्हणून बैठकीत कंपनीच्या साहेबांनी गाद्या रद्द केल्या. आता सगळी जमीन खोलवर घट्ट करायची, म्हणजे काम सगळं हिसानोचं. "या वेळी गवत तुम्हीच कापा, उराबेसान," साहेब म्हणाले. तिने मान लववली. आनंद झाला, अगदी पोटातून झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे पाणी ठेवताना मात्र टाळी वाजवायला हातच उचलेनात.

दुपारी मियोको डबा घेऊन तिच्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले होते.

"ताई, बसू का? तिकडे सगळे माझ्याकडे बघताहेत, कुणाच्या मयताला आल्यासारखे."

"बस ना."

"नव्या आराखड्यात कपाटं भिंतीला ठोकून टाकतेय मी. पलंगही. इमारत उभी राहील हो, पण वरच्या मजल्यावरच्या आज्या पलंगावरून फेकल्या जातील. दोऱ्यांनी बांधून का ठेवायच्या त्यांना?" तिने भाताचा मुटका तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "साहेब विचारत होते, निकाल पुन्हा तपासून बघायचा का? मी म्हटलं, नको. ताईंनी आणलेली वाळू आहे. त्यात काय तपासायचं?"

हिसानो गप्प बसली तर कुणालाच कधी कळणार नव्हतं. गोंदासान तर विसरूनही गेले असतील.

"तपासायला हवी," ती म्हणाली. "पडली होती ती. माझ्या गुडघ्यांतून."

"काय?"

"मी तुझा फोटो बघत होते. पेपरातला."

मियोकोला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचे कान लाल झाले. "फोटो? आणि बैठकीत तुम्ही मान हलवत बसलात? मी रात्रभर रडले, ताई!"

"हो."

"हो काय, हो!"

"मला बरं वाटत होतं," हिसानो म्हणाली. आवाज इतका लहान, की मियोकोला पुढे वाकून ऐकावं लागलं. "तुझं गेलं म्हणून. खोटं कशाला सांगू?"

मियोको उठली. तिने डबा झाकला. "साहेबांना तुम्हीच सांगायचं. आत्ता. मी तुमची बाजू घेणार नाही, आणि तुमच्या विरुद्धही बोलणार नाही."

"मीच सांगते."

हिसानो साहेबांच्या दाराशी पोचली. वाळू कशी निघेल, कुणास ठाऊक. पण नवं भोक पाडावं लागणार होतं, आणि ते काम आता तिच्याकडे देणार नाहीत, हेही तिला कळत होतं. मागे मियोको फोनवर गाद्यांच्या कारखान्याशी बोलत होती, "थांबा, रद्द करू नका, अजून थांबा!" तिचा आवाज एकदम असा उजळला, की हिसानोच्या छातीत पुन्हा तीच जुनी कळ उठली, तेवढीच, कणभरही कमी नाही.

तिने दार वाजवलं.