फोटोतलं गेट

साहेब, दैवशालाला तुम्ही चोर ठरवलंत. तिच्या घरी तुम्ही आला नाहीत. तिच्यासोबत कापूस निवडणाऱ्या एकाही बाईला बाजूला घेऊन विचारलं नाहीत. चौकशीला म्हणून आलात, जिनिंग कारखान्याच्या थंडगार केबिनमध्ये मालकाचा चहा घेतलात आणि लिहून मोकळे झालात: ‘सदर महिला कामगार नसून, रुई नेण्याच्या उद्देशाने मागील भिंतीवरून आत आल्याचे दिसते.’

दिसते म्हणे. कोणाला दिसलं, साहेब? मी दैवशालाच्या गावचा. ज्यांना खरंच काहीतरी दिसलं त्यांचं माझ्याकडून ऐका आता.

“एक बी फोटो न्हाई म्हंजे?” कल्याणनं विचारलं.

मंठ्याच्या बसस्टँडमागं त्याचं दुकान आहे. एक शटर, एक लॅपटॉप आणि वायरींचा गुंता. लग्नाची शूटिंग करायची, दुकानांत-गोदामांत कॅमेरे बसवायचे आणि कोणी गेलं की फोटो मोठा करून फ्रेम करून द्यायचा. समोरच्या बाकड्यावर रखमाजी बसला होता. शेरडं राखणारा, कमी बोलणारा माणूस. शेजारी त्याची आई, सुगंधाबाई. रखमाजीची बायको, दैवशाला, गेली होती आणि तेरवीला पाटावर ठेवायला फोटो पाहिजे होता.

“आधार कार्ड हाय,” रखमाजी म्हणाला.

कल्याणनं त्यावरचा फोटो स्क्रीनवर मोठा केला. एक काळा ढग आला आणि त्यात दोन डोळे.

“ही कोण?” सुगंधाबाई म्हणाली.

“तुमची सून की, मावशी.”

“ही तं म्हसोबावाणी दिसून राह्यली. माही सून अशी नव्हती बाबा. सूरजच्या लग्नाची शूटिंग तूच केल्ती ना? त्याच्यात बघ. आठ दिस राबली ती त्या लग्नात. कुठंतरी सापडंलच.”

पुतण्याचं लग्न गेल्या उन्हाळ्यातलं. कल्याणनं ते लावलं. तिघंही लॅपटॉपवर वाकले. दिसली की रखमाजी बोट दाखवायचा, कल्याण चित्र थांबवून बटण दाबायचा, स्क्रीन क्षणभर अंधारायची आणि ते दृश्य आत साठायचं. हळदीत तिची पाठ सापडली. पंगतीत वांग्याच्या भाजीची बादली धरलेला हात सापडला. मांडवाच्या खांबामागं पदर आणि अर्धा कान. सगळ्या लग्नात ती होती आणि तोंड कुठंच नव्हतं.

“पाठमोरी सून घेऊन काय करू मी?” सुगंधाबाई वैतागली. “फुढं घे.”

पुढं नवरदेव ओवाळायची वेळ आली. दैवशाला ताट घेऊन समोरून येत होती. आता पदर खाली येणार, आता तोंड दिसणार. तेवढ्यात व्हिडिओतून कल्याणचाच आवाज आला, “ओ निळं लुगडं, बाजूला सरका, मधी येऊन राह्यले तुम्ही!”

निळं लुगडं बाजूला सरकलं.

कल्याणनं आवाज बंद केला. कान तापले त्याचे. रखमाजीच म्हणाला, “राहू दे. ती तशीच होती. कॅमेरा आला का आपूनच बाजूला व्हायची.”

“कशानं गेल्या, मामा?”

“जिनिंगच्या आगीत.”

“म्हंजे ती... मागून शिरल्ती म्हणतेत ती बाई...” एवढं बोलून कल्याणनं जीभ चावली.

“चोर म्हण की,” सुगंधाबाई म्हणाली. “सारा बाजार म्हणून राह्यला. तू कामून लाजतो? माही छकुली शाळेत जाईना. पोरी म्हणतेत, तुही माय रुई चोराया गेली अन् भाजून निंघाली. चौदा वर्साची पोर हाय, काय सांगू तिला?”

 कल्याण एकदम ताठ झाला.

“मामा, त्या दिशी सकाळी मी त्या गेटावर होतो.”

झालं असं होतं. जिनिंगचा मालक कुरकुर करायचा, की गेटवरच्या कॅमेऱ्यात माणसाचं तोंड ओळखू येत नाही. म्हणून कल्याण शिडी घेऊन गेला, कॅमेऱ्याची काच पुसली, मान जरा खाली वाकवली आणि मच्छिंद्र वॉचमनच्या स्टुलावर लॅपटॉप मांडून चित्र बघत बसला. तेवढ्यात बाया कामावर आल्या. रुईची धूळ नाकातोंडात जाते, म्हणून जिनिंगच्या बाया घरूनच तोंडाला फडकी बांधून येतात. नुसते डोळे उघडे. त्यावरून कोण कोणाला ओळखणार?

“एक जण थांबा, मावशी,” कल्याणनं हाक मारली होती. “तेवढं फडकं काढा. तोंड ओळखू येतं का बघायचंय.”

“कामून रे? सोयरीक जमवतो का?” बाया फिदीफिदी हसल्या.

“आमाला उशीर झाला तं मुकादम आर्धा दिस कापतो, त्याचं तोंड बघ आधी!” दुसरी कोणीतरी म्हणाली.

सगळ्या पुढं गेल्या. एक थांबली. तिनं फडकं गळ्यात ओढलं आणि वर कॅमेऱ्याकडं बघितलं. कल्याणनं बटण दाबलं. मॅनेजरला मोबाइलवर पाठवून दिलं, काम झालं म्हणून. तशी त्याची पद्धतच आहे. चित्र पाठवलं नाही, तर लोक म्हणतात तू आलाच नव्हता. बाईचं नाव त्यानं विचारलं नाही. वॉचमनला तर त्या सगळ्यांची नावं मिळून एकच येत होतं, लेबर.

कल्याणनं स्क्रीनशॉटचा फोल्डर उघडला. लोकांची दुकानं, गोठे, गोदामं, रिकामे रस्ते. खाली खाली जात तो थांबला. लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला.

दैवशाला वर बघत होती. फडकं गळ्यात, हातात भाकरीची पिशवी. बायांनी केलेल्या चेष्टेचं हसू अजून तोंडावर होतं.

“दात बघ कसे दिसून राह्यले तिचे,” सुगंधाबाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

रखमाजीनं बोट पुढं नेलं, स्क्रीनला लावलं नाही.  मग म्हणाला, “हे तं समोरचं गेट हाय.”

समोरचंच होतं. मच्छिंद्रनं स्वतःच्या हातानं उघडून धरलेलं. वर जिनिंगचा बोर्ड आणि कोपऱ्यात आगीच्याच दिवसाची तारीख.

साहेब, त्या दुपारी काय झालं ते तुम्हालाही माहीत आहे, पण तुमच्या कागदावर नाही म्हणून सांगतो. कापसासोबत मशीनमध्ये खडा गेला, ठिणगी उडाली, पेटलेली रुई ढिगावर पडली. दाराजवळच्या बाया पळाल्या. दैवशाला पार मागच्या कोपऱ्यात निवडत बसली होती. समोर जाळ, म्हणून ती मागच्या शटरकडं पळाली. शटरला बाहेरून कुलूप होतं. मजूर रुई पळवतील म्हणून मालक ते कायम लावून ठेवतो. ती त्या शटरला टेकलेली सापडली. रखमाजीनं पायातल्या जोडव्यांवरून ओळखली, बाकी ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि मागच्या बाजूला सापडली, म्हणून ती मागून आली, असं तुम्ही ठरवलंत. ज्या कुलपानं ती मेली, त्या कुलपाजवळ मेली म्हणून ती चोर. हे डोकं कोणत्या परीक्षेत तपासतात, साहेब?

रखमाजी आणि कल्याण जालन्याला तुमच्या कचेरीत आले. तुम्ही जेवून आला होतात, बडीशेप चावत होतात.

“हे काय?”

“सायब, स्क्रीनशॉट हाय. तिचा. त्याच दिशीचा.”

“स्क्रीनशॉट हा पुरावा नसतो. मूळ रेकॉर्डिंग आणा.”

“ते जिनिंगमधी, कॅमेऱ्याच्या डब्यात असतं, सायब,” कल्याण म्हणाला. “मालक म्हणतेत, डबा जळाला.”

“मग जळाला.”

तो डबा कुठं होता, साहेब? ज्या केबिनमध्ये तुम्ही चहा घेतलात, तिथं. तुमच्या खुर्चीच्या मागं. त्या केबिनमधलं भिंतीवरचं लक्ष्मीचं कॅलेंडरसुद्धा करपलं नव्हतं. डबा तेवढा जळाला.

“आणि आजकाल लॅपटॉपवर काय वाट्टेल ते बनवतात. पोरं नटीसोबत लग्न लावून घेतात,” असं म्हणून तुम्ही हसलात. शिपाईही हसला.

“लॅपटॉप बी आणलाय, सायब. तुमीच बघा ना.” कल्याणनं बॅग पुढं केली. तुम्ही चेनसुद्धा उघडू दिली नाहीत.

“एक मिनिट धरून चालू, की सकाळी ती समोरून आत गेली,” तुम्ही रखमाजीला लहान पोराला समजावतात तसं म्हणालात. “मग काम न मिळाल्यामुळं बाहेर आली असेल. आणि दुपारी भिंतीवरून परत शिरली असेल. होऊ शकतं की नाही?”

 रखमाजीची उभी हयात शेरडांमागं गेली, शेरडं असे प्रश्न विचारत नाहीत. त्यानं तुम्हाला हात जोडले. तुम्ही मोबाइल कानाला लावलात.

दुसऱ्या दिवशी जिनिंगचा मॅनेजर कल्याणच्या दुकानात आला. त्याला जालन्याची बातमी कशी कळली, ते तुम्हीच सांगू शकाल.

“कल्याणशेठ, फोटो द्या की बिचाऱ्यायला. कोण न्हाई म्हणतं?” मॅनेजर गोड बोलला. “पण निस्तं तोंड ठेवा. मागं निळं आभाळ टाका, खाली कमळ टाका. तुमी सगळ्यायला करून देता तसं. आपला बोर्ड, आपलं गेट, ती तारीख, हे कशाला? शोभतं का? अन् ते मूळ चित्र उडवून टाका, उगं लफडं. नव्या युनिटला कॅमेरे लावायचेत, शेठ तुमचंच नाव घेत होते.”

“तुमच्या मोबाइलवर बी हाय ना ते चित्र? मीच पाठवल्तं.”

“माहा मोबाइल बदलला,” मॅनेजर म्हणाला आणि गाडीला किक मारली.

कल्याणनं दोन फ्रेमा केल्या. खोटं कशाला बोलू, त्याला नव्या युनिटचं काम पाहिजे होतं. त्याच्या घरी दोन लेकरं आणि एक आजारी बाप आहे. एका फ्रेममध्ये दैवशाला निळ्या आभाळात होती, खाली कमळं. दुसरीत जशी होती तशी. सुगंधाबाई न्यायला आली, तेव्हा त्यानं दोन्ही टेबलावर मांडल्या आणि मॅनेजर काय बोलला तेही सांगून टाकलं.

सुगंधाबाईनं आभाळवाली आधी उचलली. लांब धरली, जवळ धरली.

“ह्याच्यात राणीवाणी दिसून राह्यली.”

“मंग हीच न्या, मावशी,” कल्याण घाईनं म्हणाला.

“हे कुठलं आभाळ हाय?”

“ते... लॅपटॉपमधलं.”

“तिथं कधी गेल्ती का ती?”

“न्हाई.”

“मंग जिथं गेल्ती तेच दे,” म्हातारी म्हणाली. “गेट राहू दे. बोर्ड बी राहू दे. माह्या छकुलीला रोज दिसलं पाहिजे, तिची माय कोणत्या दारानं कामाला गेली.”

कल्याणनं मूळ चित्र उडवलं नाही. नव्या युनिटचं काम दुसऱ्याला गेलं. बाजारातल्या दोघा-तिघांनी त्याला कॅमेरे काढून न्यायला सांगितलं. कारण कोणी दिलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

तेरवीला फोटो पाटावर ठेवला. माणसं यायची, हात जोडायची, मग वाकून बोर्ड वाचायची आणि एकमेकांकडं बघायची. पंगती उठल्यावर जिनिंगच्या बाया कामावरून तशाच आल्या, फडकी गळ्यात. आग विझल्यावर आठवड्यात त्या परत कामावर लागल्या होत्या, त्याच शेडमध्ये, दुसऱ्या ढिगावर. पोट कुठं टाकणार? फोटोसमोर त्या दाटीनं बसल्या. त्यातली सुरेखा पुढं सरकली. फोटोच्या कडेला कोणाचा तरी खांदा आणि पाठीवरची वेणी आली होती. सुरेखानं त्यावर बोट ठेवलं.

“ही मी हाय,” ती हळूच म्हणाली. “म्या हिला म्हणलं, चल लौकर, मुकादम वरडंल. म्या हात धरून आत न्हेली हिला. दुपारी भाकर बी संगंच खाल्ली.”

 रखमाजीनं मान वर केली.

“जालन्याला येऊन सांगतीस का?”

सुरेखानं फडकं पुन्हा तोंडावर ओढलं. “माहं नाव घेऊ नका, दादा. दोन लेकरं हायेत.” आणि ती उठून गेली.

तिचं नाव मी इथं सुरेखा लिहिलं आहे. ते खरं आहे का खोटं, ते तुम्ही शोधत बसू नका, साहेब. तुम्हाला शोधायला दुसरं काम देतो.

दैवशाला समोरच्या गेटानं आत गेली. वॉचमननं उघडलेल्या दारातून, उघड्या तोंडानं, हातात भाकर घेऊन. हे आम्ही दाखवलं. एका फाटक्या दुकानातल्या लॅपटॉपनं दाखवलं. तुम्ही म्हणता, मग ती बाहेर आली असेल. तुमच्याकडे शिक्का आहे, गाडी आहे, ड्रायव्हर आहे, आणि ज्यांच्याकडे तो कॅमेऱ्याचा डबा आहे ते तुमच्याशी फोनवर बोलतात.

तर ती बाहेर आलेली दाखवा. एक चित्र दाखवा, धुरकट असलं तरी चालेल. पाठमोरी असली तरी चालेल, तिच्या पाठीची आम्हाला सवय आहे. नसेल दाखवता येत, तर ज्या हातानं चोर लिहिलं त्याच हातानं ते खोडा.

दोन्हीपैकी काय करता, साहेब? बोला.